कोटही त्यातच जाऊ दे

४ सप्टेंबर

ही वही ह्यांच्या नकाशांच्या कचेरीतली. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणांबरोबर सहा कोऱ्या वह्या घरी आल्या, त्यातली पहिली आज उघडली. कुठला तुकडा कुठल्या कपड्यातून कापला याची नोंद ठेवायची, एवढ्यासाठीच. आजवर घरच्यांसाठी गोधड्या शिवल्या तेव्हा असलं काही लिहून ठेवलं नाही. चुकलं तर उसवायचं, फारच कंटाळा आला तर कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून सोडून द्यायचं. पण आता परक्याचं काम घेतलंय आणि तेही असलं. तोंडातून हो निघून गेलं.

झालं असं. माझी नणंद ज्या दुकानातून रक्तदाबाच्या गोळ्या घेते, त्या दुकानाच्या मालकीण बाई. नणंदेने परवाच फोनवर सांगून ठेवलं होतं, की त्यांचा एकुलता एक मुलगा गेला गं मे महिन्यात, तेव्हापासून बाई हसायचं विसरली आहे, तू गोधड्या करतेस म्हटल्यावर मागेच लागली, नाही म्हणू नकोस. मी नाहीच म्हणणार होते. बाई दारात उभ्या राहिल्या आणि मला ते जमलं नाही.

उंच, ताठ, शब्द तोलून बोलणारी बाई. खुर्चीच्या कडेवर बसल्या. दोन मोठ्या पिशव्यांतून एकेक कपडा काढून टेबलावर ठेवत गेल्या. झबलं, दुपटं, शाळेचे शर्ट, गुडघ्यावर विरलेला पायजमा, निळे सदरे तर पाच. सगळ्यात शेवटी राखाडी लोकरीचा एक जड कोट, मोठ्या माणसाचा. म्हणाल्या, तो गेल्यापासून कपाट उघडवत नाही, म्हटलं याचं काहीतरी करावं. मग माप सांगितलं. "तो सहा फूट एक इंच आहे. काहीही पांघरलं तरी पाय बाहेर. लांब करा."

'आहे' म्हणाल्या. मी मान खाली घालून टेप शोधत बसले. आईच्या तोंडातला 'आहे' इतक्या लवकर 'होता' होत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

बाकी मी काही विचारलं नाही. कसा, कशाने, काही नाही. विचारणारी माणसं कशी असतात ते मला चांगलं माहीत आहे. चहा दिला, तो त्यांनी अर्धा प्याला. वीस ऑक्टोबरच्या आत हवी, त्या दिवशी पेटीत घालून पाठवायची आहे म्हणाल्या. कुणाला देणार, तेही विचारलं नाही.

६ सप्टेंबर

सगळे कपडे हाताने धुतले, सावलीत वाळवले. रंग जातो का बघायला प्रत्येकाचं टोक आधी पांढऱ्या फडक्यावर ओलं दाबून पाहिलं. एका लाल बनियनने रंग सोडला. तो बाजूला. कोट तसाच ठेवला आहे, त्याला पाणी लावायची हिंमत झाली नाही.

ह्यांनी आलेखाच्या कागदावर आराखडा काढून दिला. साडेपाच फूट बाय साडेसात. मधोमध झबल्याचा चौकोन, त्याभोवती चौकटीत चौकट, आणि मूल जसजसं वाढत गेलं तसतसे कपडे बाहेरच्या चौकटींत. एकूण दोनशे बारा तुकडे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या, आता तुझ्या ठिगळांच्या आखतो, असं म्हणाले. मला हसू आलं, पण तुकड्यांचा आकडा ऐकून परत गेलं.

मागच्या खोलीत उजेड चांगला आहे, जागाही आहे, तिथे मांड म्हणाले. मी म्हटलं तिथे नको, पुढचीच खोली बरी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

९ सप्टेंबर

पहिली कातर आज चालवली. म्हणजे चालवली असं म्हणायचं. सकाळी नऊला झबलं टेबलावर पसरलं आणि अकराला कापलं. मधले दोन तास मी खडूच्या रेघा मारत होते आणि पुसत होते. घरच्या जुन्या चादरीला कातर लावताना असं होत नाही, कारण चादर आणखी मिळते. हे झबलं जगात एकच आहे आणि ते माझ्या हातात.

कापल्यावर कळलं की शिलाईला अर्धा इंच दाब सोडायचा तो मी एका बाजूला पाव इंचच सोडला. शेवटी मागून पातळ अस्तर जोडून तुकडा वाचवला. पुढच्या तुकड्यापासून दर वेळी दोनदा मोजून, मोठ्याने आकडा म्हणून मगच कापायचं, असं ठरवलं आहे. हे आतून ओरडले की पाढे पाठ करतेस का.

१२ सप्टेंबर

शाळेचे शर्ट झाले. त्याच्या कॉलेजातल्या शर्टाची छाती अडतीस निघाली. टेप लावायच्या आधीच मला माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी बहुतेक मुलांची असते.

१७ सप्टेंबर

बाई दुपारी दुकान बंद करून आल्या. सहज आले म्हणाल्या, पण सहज येणारी बाई नाही ती. पहिल्या तीन चौकटी जोडून झाल्या आहेत, त्या दाखवल्या. त्यांनी बोट न लावता नुसतं वरून पाहिलं आणि म्हणाल्या, निळा जास्त येऊ द्या, त्याला निळा आवडतो. थंडी अजिबात सोसत नाही त्याला, भरण जाड घाला.

मी हो हो म्हणत गेले. या बाई अजून त्याचं पांघरूण नीट करताहेत.

मग एकदम म्हणाल्या, "माझंच चुकलं. जाताना मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही."

मी त्यांचा हात धरला. असं मी कुणाचा हात धरत नाही, सख्ख्या बहिणीचाही नाही. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, जाणार हे आधी कुणाला कळतं का. त्या माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कळलं होतं हो. आदल्याच दिवशी." आईला आतून कळतं म्हणतात, तसं असेल. मला कळलं नव्हतं.

त्या गेल्यावर हे म्हणाले, तू बऱ्याच दिवसांनी कुणाशी एवढं बोललीस. मी म्हटलं, त्यांना गरज आहे.

२१ सप्टेंबर

कोटाचं काय करायचं? चार दिवस हाच एक विचार. तो त्याच्या मापाचा वाटत नाही, जुन्या पद्धतीची शिलाई आहे, बहुतेक बापाचा असावा. (बाईंचे मिस्टर बऱ्याच वर्षांपूर्वी वारल्याचं नणंद म्हणाली होती.) आराखड्यात शेवटची चौकट मोकळी आहे, तिथे राखाडी लोकर फार शोभेल. पण लोकरीला कातर लावली की परत कोट नाही. हे म्हणाले, विचार की, फोन कशाला असतो.

केला फोन. दुकानात गर्दी होती, मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. विचारलं, कोटाचं काय करू? त्या म्हणाल्या, "कोटही त्यातच जाऊ दे."

माझी खात्री होईना. म्हटलं, नक्की ना? म्हणाल्या, "हो. त्याच्याबरोबरच जायला हवा होता तो. घाईत राहून गेला." मग गिऱ्हाइकाला काहीतरी सांगून त्यांनी फोन ठेवला.

त्याच्याबरोबर जायला हवा होता. फोन ठेवून मी पाच मिनिटं स्टुलावर बसून होते.

२२ सप्टेंबर

कापला. आधी अस्तर उसवलं, मग बाह्या, मग पाठ. जुन्या शिंप्याचं काम काय सुंदर होतं, आतल्या टाक्यांतही कुठे कसर नाही. आतला खिसा मात्र मला कापवेना, तो अख्खा काढून एका तुकड्यावर तसाच बसवणार आहे. कातर बोथट झाली, दोनदा धार लावून आणली. हात अजून दुखतोय.

३० सप्टेंबर

लोकर आणि सूत एकमेकांशी जुळत नाहीत. लोकर जाड, सूत पातळ, त्यामुळे जोडावर सुरकुती येते. तीन सुया मोडल्या. एक बोटात घातलेल्या कातडी अंगुस्तानातून आरपार गेली आणि बोटाला लागली. एवढं करून काल जोडलेली डावी बाजू सरळ नाहीच, पाव इंच तिरकी. उसवली. पुन्हा जोडली. पुन्हा तिरकी. हे म्हणाले, पाव इंच कुणाला दिसतंय. मी म्हटलं, तिला दिसेल. पाठवायच्या आधी टाका न् टाका बघणार आहे ती.

जेवणखाण नीट होत नाही, डोळे चुरचुरतात. तरी सकाळ झाली की कधी सुई हातात घेते असं होतं. हे चांगलं की वाईट, कळत नाही.

५ ऑक्टोबर

वरचा भाग पूर्ण. जमिनीवर आधी पाठीचं कापड, त्यावर भरण, त्यावर वरचा भाग, असं पसरून कच्चे टाके घातले. गुडघे गेले कामातून. उठताना ह्यांचा हात धरावा लागला आणि दोघंही पडता पडता राहिलो. दोन म्हाताऱ्यांना एकाच वेळी उठता येत नाही, हे नकाशात कुठे दाखवतात म्हणाले.

आता धावदोरा. बोटभर अंतरावर ओळी, आतून बाहेर. पंधरा दिवस हातात आहेत. पुरतील का? पुरायला हवेत.

११ ऑक्टोबर

पाठीच्या कापडावर खालच्या कोपऱ्यात एक ओळ घालावी असं वाटत होतं. बाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या रडल्या असत्या, किंवा नको म्हणाल्या असत्या. पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याने भरलं: शांत झोप. एवढंच. तीन तास लागले. 'झ' दोनदा उसवला.

भरून झाल्यावर मी वाचत बसले. हे चहा घेऊन आले, त्यांनीही वाचलं, आणि कप ठेवून बाहेर चक्कर मारायला निघून गेले.

१४ ऑक्टोबर

नणंदेचा फोन. गोधडी झाली का? म्हटलं, कडेचा गोट तेवढा राहिला. म्हणाली, बरं झालं बाई, वेळेत झाली, वीस तारखेची शेवटची गाडी, मग रस्ता बर्फाने बंद होतो तो थेट मार्चात उघडतो.

मी विचारलं, कसली गाडी?

"अगं, त्याच्या वेधशाळेची. बाईंच्या दुकानातून औषधं भरून घेते ना ती."

कुणाच्या वेधशाळेची?

"बाईंच्या मुलाच्या. सांगितलं नव्हतं का तुला, गेला म्हणून? डोंगरावर गेला, हवामानाची यंत्रं सांभाळायला. आईला वाटत होतं त्याने दुकानात बसावं. कडाक्याचं भांडण झालं आणि गेला. तिकडे मानवलंय म्हणे त्याला. पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. गाडीवाल्याबरोबर चिठ्ठ्या येतात, तेवढंच."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. गॅसवर दूध नव्हतं.

१५ ऑक्टोबर

ही वही माझी आहे, दुसरं कुणी वाचणार नाही, तर लिहून टाकते. मला आनंद व्हायला हवा होता. एक मुलगा आहे. सहा फूट एक इंच आहे, खरोखरचा आहे. आणि मला राग आला. तो जिवंत आहे याचा मला राग आला.

दीड महिना मी त्या बाईला माझी धरून चालले होते. दर टाक्याला वाटायचं, हिला माहीत आहे. मी काही न सांगता हिला सगळं माहीत आहे. अकरा वर्षांत असं कुणाबद्दल वाटलं नव्हतं. आमचा गेला तेव्हा भेटायला येणारे सगळे रडून घ्यायचे आणि आपापल्या मुलांकडे परत जायचे. हीसुद्धा त्यांच्यातलीच निघाली. तिला नुसता फोन लावायचा होता. पाच महिने तिने तो लावला नाही, आणि मी तिचा हात धरून बसले होते.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "चूक माझ्या बहिणीची नाही आणि तुझीही नाही. आपल्या घरात त्या शब्दाला एकच अर्थ उरलाय."

नंतर मी मागची पानं उलटून वाचली. सगळं तिथेच आहे, माझ्याच अक्षरात. तो सहा फूट एक इंच आहे. त्याला निळा आवडतो. त्याला थंडी सोसत नाही. आदल्या दिवशी कळलं होतं, म्हणजे त्याने सांगितलं होतं की मी निघालो. कोटही त्यातच जाऊ दे.

हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "म्हणजे तो कोट..."

पेटीत. कोटही त्याच पेटीत जाऊ दे, असं म्हणत होत्या त्या. बर्फात राहणाऱ्या मुलाला बापाचा कोट पाठवायचा होता, आणि मी त्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या केल्या.

१६ ऑक्टोबर

सकाळी उरलेले तुकडे जमिनीवर मांडून पाहिले. बाही होईल का, पाठ होईल का. पट्ट्या उसवल्या तरी पाठ सात ठिकाणी जोडावी लागेल. एक तुकडा घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. त्याने तो उजेडाला धरला, चोळून पाहिला, आणि कोट कुठाय विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, याची टोपी होईल. कोट आता होत नाही." टोपी घेऊन काय करू मी?

परत येताना वाटलं, नवा कोट विकत आणावा. मग वाटलं, सांगूच नये, म्हणावं की तुम्हीच तर त्यात जाऊ दे म्हणालात. हे शेवटचं मनात आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. पण आलं होतं, म्हणून लिहिलं.

आणि त्यात ते 'शांत झोप'. मेलेल्या माणसासाठी भरलेलं, जिवंत पोराला पाठवायचं. उसवायला बसले तर ह्यांनी सुई काढून घेतली. म्हणाले, राहू दे, जिवंत माणसंही झोपतात. भीती वाटत असतानाही मला हसू आलं आणि मग रडू.

उद्या बाई पेटी घेऊन येणार आहेत.

१७ ऑक्टोबर

अडीच वाजता आल्या. पत्र्याची पेटी आणली होती, आत वर्तमानपत्र अंथरलेलं. गोधडी मी घडी करून सोफ्यावर ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही नीट. म्हणाल्या, आधी कोट द्या, तो तळाशी घालू.

मी सकाळपासून काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. सरळ सांगितलं की कोट मी कापला. तो गोधडीत आहे.

त्या तशाच उभ्या राहिल्या, हातात पेटीचं झाकण. मग म्हणाल्या, "त्याने या महिन्यात एकच गोष्ट मागितली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं होतं."

मी म्हटलं, मला वाटलं तो गेला.

"गेलाच आहे."

"तसा नाही. मला वाटलं, कायमचा."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा झाकण ठेवून खुर्चीत बसल्या, या वेळी कडेवर नाही, पार मागे टेकून. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या की आता त्याला चिठ्ठीत काय लिहू, कोटाबद्दल काय लिहू, सुचत नाही.

चिठ्ठी! तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिथे बाहेर आलं. मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण हे म्हणतात त्यात काही चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला बोलायला मुलगा आहे. आणि तुम्ही गोधडी पाठवताय? चिठ्ठी कसली लिहिताय? फोन लावा. आत्ता लावा. इथून लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. तिकडे दुपारी तीन ते चार फोन लागतो, हे त्यांना माहीत होतं. नंबरही पाठ होता. पाच महिने नंबर पाठ होता आणि कधी फिरवला नव्हता. घड्याळात तीनला पाच कमी होते. ती पाच मिनिटं मी पेटीतलं वर्तमानपत्र सारखं करत बसले.

लावला. कुणीतरी दुसऱ्याने उचलला, मग तो आला. बाईंनी फोन कानाला लावलाच नाही, नुसता धरून ठेवला, तेव्हा मीच तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. तो म्हणाला, "आई? काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

बाई म्हणाल्या, "कोट कापला गेला रे. तुझ्या बाबांचा कोट." माफी, भांडण, दार, काहीच नाही, नुसता कोट.

पलीकडे वाऱ्याची घरघर ऐकू येत होती. मग त्याने विचारलं की कापला म्हणजे काय, कुठाय तो आता. त्या म्हणाल्या, गोधडीत आहे. तो म्हणाला, कुठे कुठे?

बाईंनी मग पहिल्यांदा गोधडी उलगडली. खाली गुडघ्यांवर बसल्या आणि बोटाने शोधत सांगू लागल्या. सगळ्या कडेने आहे. पायाशी जास्त आहे. हा तुझा निळा सदरा, सहलीला घातलेला. हा शाळेचा, शाईचा डाग आहे बघ अजून, म्हणजे तू कुठे बघतोयस, पण आहे. हे झबलं. तो विचारत होता आणि त्या सांगत होत्या. आतला खिसा कुठाय विचारलं त्याने, तर तो उजव्या हाताच्या बाजूला सापडला, अख्खा. तो म्हणाला, इथे सरकारी कोट आहे गं, त्यात दोन माणसं मावतात. बाबांचा होता म्हणून मागितला होता. मग गोधडी म्हणूनच पाठव, त्यात काय. आणि मग म्हणाला, तू फोन केलास.

मी उठून आत जायला निघाले. हे त्यांचं होतं, माझं काही काम नव्हतं तिथे. पण बाईंनी त्याला माझा घोळ सांगून टाकला होता, रडत आणि हसत, आणि तो म्हणाला की त्या काकूंना दे ना.

मी टेबलाशी परत आले. म्हणाला, "काकू, मी मेलो असं समजून तुम्ही दीड महिना शिवलीत?"

मी म्हटलं, हो.

"एवढं माझ्यासाठी रडलात?"

"रडत नव्हते. शिवत होते."

तो हसला. मोठा, मोकळा, पोराचा आवाज या खोलीत. मग त्याने विचारलं, चेष्टेत नाही, खरंच विचारलं, की तुम्हाला असं वाटलंच कसं, गेला म्हणजे गावाला गेला असं कुणालाही आधी वाटेल.

हे आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. तो बंद झालेला मला ऐकू आला.

मी म्हटलं, "कारण माझा मुलगा वारला. अकरा वर्षं झाली. एकोणीस वर्षांचा होता."

बाईंनी गोधडीवरचा हात उचलून माझ्या पावलावर ठेवला. मग तो म्हणाला, "नाव काय त्याचं, काकू?"

मी नाव सांगितलं.